एप्रिल आला की लॉन जातं: सोलापूरच्या अंगणातली हिरवळ पुन्हा उभी करताना

लक्षणं दरवर्षी त्याच क्रमानं येतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे लॉनवर सतरंजी टाकून बसतात तेव्हा सगळं ठीक असतं. होळीच्या सुमारास भिंतीकडची कड पिवळी पडते, पाडव्यापर्यंत मधोमध खाकी चट्टे दिसायला लागतात आणि एप्रिलअखेर उरतं ते वाळकं जाळं, त्यात मध्ये मध्ये हिरवागार लव्हाळा. माळी म्हणतो, ‘माती बाद झालीय साहेब, बदलून टाकू.’ पावसाळ्यात नर्सरीतून नवं लॉन येतं, सहा-आठ महिने मिरवतं आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या नव्या प्लॉटांवर हा फेरा जास्त दिसतो. त्याचं कारण वर नाही, खाली आहे.

नवं लॉन टाकून हा फेरा तुटत नाही. एक तर बऱ्याचदा गवत मेलेलंच नसतं. आणि मेलं असेल तर ज्या कारणानं मेलं ते जमिनीत किंवा पाण्यात तसंच बसलेलं असतं. दुखणं उन्हाळ्यात दिसतं म्हणून उपचारही उन्हाळ्यातच सुरू होतात, ही दुसरी चूक. एप्रिल-मे हे फक्त तपासणीचे महिने. काम मृगानंतर.

आधी परदेशी सल्ला बाजूला ठेवा

लॉन दुरुस्तीचे जे व्हिडिओ समोर येतात त्यांतले बरेचसे थंड हवेच्या देशांतले असतात. तिथलं गवत केंटकी ब्लूग्रास, रायग्रास, फेस्क्यू या जातींचं. ते १५ ते २४ अंशांत जोमानं वाढतं आणि उन्हाळ्यात झोपतं. म्हणून तिकडे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये बी टाकून जुनं लॉन भरून काढतात. त्यांच्या हवामानात ते अगदी बरोबर आहे.

आपल्याकडचं ‘सिलेक्शन वन’ म्हणजे हरळीच्या जातकुळीतलं गवत. रानात जी काढता काढता शेतकऱ्याचा जीव जातो तीच हरळी आपण पैसे देऊन अंगणात लावतो, आणि ती मरते. हा विनोद समजून घेतला तर अर्धं निदान होतं. रानात तिला खोल माती मिळते, उघडं ऊन मिळतं आणि तिची हजामत कुणी करत नाही. हे गवत २७ ते ३५ अंशांत सुसाट पळतं, १५ अंशांखाली थबकतं. म्हणजे परदेशी कॅलेंडर आपल्याकडे जवळजवळ उलटं वाचावं लागतं: त्यांचा सप्टेंबर म्हणजे आपला जून-जुलै.

ऑनलाइन मिळणारी केंटकी किंवा रायग्रासची पाकिटं नोव्हेंबरात टाकली तर उगवतात, जानेवारीत सुंदर दिसतात आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात जातात. शिवाय जाता जाता नुकसानही करतात. फेब्रुवारीत हरळी फुटायच्या वेळी हे दाट गवत तिच्या डोक्यावर बसलेलं असतं, तिला ऊन मिळत नाही. ‘दरवर्षी हिवाळ्यात हिरवं, उन्हाळ्यात साफ’ अशी तक्रार असेल तर पाकिटावरचं नाव आधी वाचा.

तिकडचा आणखी एक सल्ला म्हणजे लॉनवर चुना टाकणं. पावसानं धुपून आम्ल झालेल्या मातीला तो लागतो. सोलापूरच्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर. हाताला पांढरे खडे लागतात, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून कानाजवळ धरा, चुरचुर आवाज आला की चुना आहे. अशा जमिनीत आणखी चुना टाकणं म्हणजे आजार वाढवणं.

गवत मेलंय की झोपलंय

खाकी चट्ट्यातून एक धावती काडी, म्हणजे जमिनीलगत सरपटणारं खोड, उचला. नखानं सोला. आत पांढरट-हिरवट आणि ओलसर लागलं तर जिवंत. तपकिरी आणि काडीसारखं कटकन मोडलं तर गेलं. खात्री हवी असेल तर चार इंची तुकडा मुळं-मातीसकट खुरप्यानं काढा, कुंडीत बसवा, अर्ध्या सावलीत ठेवून रोज पाणी द्या. दहा-बारा दिवसांत हिरवा कोंब दिसला तर ते लॉन बदलायचं नाही. असे तीन-चार नमुने वेगवेगळ्या चट्ट्यांतून घ्या. एकाच लॉनमध्ये एक चट्टा झोपलेला आणि शेजारचा मेलेला असू शकतो. मेलेल्या ठिकाणी काय वेगळं आहे तेच शोधायचं असतं.

खाली काय दडलंय

आता सळईची परीक्षा. संध्याकाळी चट्ट्यावर भरपूर पाणी द्या, दुसऱ्या दिवशी ८ मिमीची सळई हातानं दाबत न्या. सहा इंच सहज गेली पाहिजे. दोन-तीन इंचांवर ‘टक्’ असा आवाज येऊन थांबली तर खाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, नाहीतर रोलर फिरवून दाबलेला मुरूम आहे. नव्या प्लॉटांचं दुखणं हेच. बांधकामाचा राडारोडा पसरायचा, वर मुरूम, त्यावर तीन-चार इंच लाल माती आणि तिच्यावर लॉन. पावसाळ्यात दिसायला छान, कारण पाणी वरून येत असतं. एप्रिलमध्ये त्या तीन इंचांतली ओल दोन दिवसांत उडते आणि मुळांना खाली जायला वाट नसते. अशा जागी खत, औषध, नवं लॉन, काहीही टाकलं तरी फरक पडत नाही. तेवढाच चट्टा नऊ-दहा इंच खणून भराव बाहेर काढावा लागतो. कष्टाचं आहे, पण एकदाच करायचं आहे.

सळई आवाज न करता हळूहळू घट्ट होत गेली तर दगड नाही, नुसती दबलेली काळी माती आहे. गेटपासून पायऱ्यांपर्यंतची चालण्याची वाट, दुचाकी लावायची जागा, हळदीचा मांडव पडला होता ती जागा, इथे हे हमखास सापडतं. काळी माती ओली असताना तिच्यावर चालणं म्हणजे वीट थापणं. आणि वाळली की ती आकसते, भेगा पडतात, भेगांबरोबर मुळंही तुटतात.

यावर ‘वाळू मिसळा’ हा सल्ला सर्रास मिळतो. दोन-चार घमेली वाळूनं काळी माती भुसभुशीत होत नाही. वाळूचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि ढेकूळ आधीपेक्षा टणक होतं. क्रश सँडमधली बारीक भुकटी तर आणखी वाईट, ती वाळल्यावर गिलाव्यासारखी बसते. काळ्या मातीला वाळू नको, सेंद्रिय पदार्थ हवा: चाळलेलं कुजलेलं शेणखत, नाहीतर साखर कारखान्याचं नीट कुजवलेलं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ. जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही, त्यामुळे प्रेसमड मिळायला अडचण येत नाही. मात्र ताजं घेऊ नका. ते तापतं आणि गवत भाजतं. ढिगात हात घातल्यावर गार लागलं आणि आंबूस वास गेला असेल तरच वापरा.

पाणी: दिसत नाही तो गुन्हेगार

बोअरच्या पाण्यावरचं लॉन हळूहळू मरतं, म्हणून पाण्यावर संशय उशिरा जातो. खुणा अशा: माती वाळली की वर पांढरी साय, पाइपच्या तोंडाशी चुन्याचा थर, पाणी दिल्यावर ते जिरत नाही, तवंगासारखं उभं राहतं आणि वाळल्यावर पापडी धरते.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (पीपीएममध्ये), मोजायचा पेन मीटर स्वस्तात मिळतो. ४५० पर्यंत काळजी नाही. ४५० ते २,००० मध्ये जपून. २,००० च्या वर लॉन टिकवणं अवघड. पण हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते. तिला मारतो तो सोडियम आणि बायकार्बोनेट, आणि तो पेन मीटरवर कळत नाही. एकच टीडीएस असलेल्या दोन बोअरपैकी एक लॉन पोसतो, दुसरा मारतो. प्रयोगशाळेत पाण्याचा ‘आरएससी’, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता उरणारा कार्बोनेट-बायकार्बोनेट, मागा: १.२५ च्या आत चांगलं, २.५ च्या वर वापरू नये.

मातीची घरगुती परीक्षा याहून सोपी. हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं, एसीचं किंवा आरओचं शुद्ध पाणी घ्या. नळाचं किंवा बोअरचं नको. ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका, ग्लास हलवू नका. ढेकूळ विरघळून तळाशी ढीग झाला पण वरचं पाणी नितळ राहिलं तर माती ठीक आहे. ढेकळाभोवती दुधाळ वलय उठलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असलं तर माती चोपण झाली आहे, सोडियम चढला आहे.

चोपण निघाली तरच जिप्सम. १,००० चौरस फुटांना साधारण २० किलो, पहिल्या चांगल्या पावसानंतर सारखं पसरून दाताळ्यानं वरच्या दोन इंचांत मिसळायचं, म्हणजे पुढचा पाऊस सोडियम धुऊन खाली नेतो. धुऊन न्यायला वाट मात्र हवी. खाली दाबलेला मुरूम असेल तर जिप्समचे पैसे वाया. चोपण नसताना ‘चांगलं असतं’ म्हणून जिप्सम टाकण्यातही काही अर्थ नाही. नेमका आकडा हवा असेल तर सहा-आठ ठिकाणची सहा इंचांपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षारता, मुक्त चुना आणि सोडियम, या चार गोष्टी मागून घ्या. नाहीतर शेताच्या नमुन्यासारखा नत्र-स्फुरद-पालाशचा कागद हातात येतो.

जाता जाता: आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी लॉनवर सोडणं ही बचत वाटते, पण त्यात मूळच्या पाण्यातले क्षार आटवून घट्ट झालेले असतात. वॉशिंग मशीनचं पाणीही नको, साबणात सोडियम असतो. ते संडासाला वापरा.

पिवळेपणाचे तीन प्रकार

सगळं पिवळं गवत एकसारखं पिवळं नसतं. गुडघ्यावर बसून एक पान डोळ्याजवळ धरा.

जुनी, खालची पानं सारखी फिकट झाली असतील तर नत्र कमी आहे. अमोनियम सल्फेट १,००० चौरस फुटांना १ किलो, सारखं फेकून लगेच पाणी. आपल्या सामूच्या जमिनीला ते युरियापेक्षा सोयीचं. युरियाच असेल तर त्याच जागेला अर्धा किलो. दोन्ही कोरड्या पानांवरच टाकायची. सकाळच्या दवात टाकलं की दाणे पानाला चिकटतात आणि दोन दिवसांत करपलेले ठिपके दिसतात.

नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, असं उभ्या रेघांसारखं दिसत असेल तर लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना घेता येत नाही. इथेच लोक फसतात. पिवळं दिसलं की युरिया देतात, गवत वाढतं, लोहाची गरज आणखी वाढते आणि ते आधीपेक्षा पिवळं होतं. हिराकस (फेरस सल्फेट) जमिनीत टाकूनही उपयोग नाही, चुना ते बांधून ठेवतो. फवारणीच करायची: १० लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक अॅसिड विरघळवा, मग ५० ग्रॅम हिराकस. संध्याकाळी फवारा, एवढं पाणी १,००० चौरस फुटांना पुरतं. पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारा शहाबादी फरशीवर उडाला तर गंजाचे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. कडेची फरशी आधी भिजवून घ्या आणि नंतर लगेच धुवा. गंधक टाकून सामू उतरवायच्या नादाला लागू नका. मातीतली चुनखडी संपेपर्यंत तो उतरत नाही, आणि ती आपल्या हयातीत संपणार नाही.

तिसरा पिवळेपणा कापणीच्या दुसऱ्या दिवशी येतो. हा आजार नाही, हजामत आहे. माळी महिन्यातून एकदा येतो, गवत चार इंच झालेलं असतं, तो एका दमात अर्ध्या इंचावर आणतो. हिरवं पान वरच्या इंचभरात असतं, खाली नुसती काड्यांची दाटी. पान गेलं की काड्या उघड्या पडतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. पावसाळ्यात दीड इंच उंची ठेवून दर आठवड्याला, फार तर दहा दिवसांनी कापा. मार्चपासून दोन इंच राहू द्या. मालकाला हे झिपरं वाटतं, पण त्या अर्ध्या इंचाच्या सावलीनं माती कमी तापते. कापल्यावर पानांची टोकं पांढरट, चिंध्यांसारखी दिसत असतील तर मशीनचं पातं बोथट आहे.

हुमणी आणि लव्हाळा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पाऊस चांगला असताना, एखादा भाग सुकला आणि हातानं ओढल्यावर सोलापुरी चादर गुंडाळावी तसं गवत उचललं गेलं, तर मुळं हुमणीनं खाल्ली आहेत. खाली इंग्रजी सी आकाराच्या, तपकिरी डोक्याच्या पांढऱ्या अळ्या मिळतात. साळुंक्या आणि कावळे एकाच जागी सारखे टोकरत असतील तर ती आधीची सूचना समजा. एक फूट लांब-रुंद चौकोन खणून मोजा. एखाद-दुसरी अळी असेल तर सोडून द्या. पाच-सहा असतील तर उपाय करा. मेटारायझियमची पावडर १,००० चौरस फुटांना पाव किलो, दोन घमेली ओलसर शेणखतात मिसळून संध्याकाळी पसरायची आणि पाणी द्यायचं. ही बुरशी आहे, तिला ओल आणि सावली लागते. भर उन्हात टाकली तर मरते. खरा डाव मात्र जूनमध्ये साधतो. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर बसतात. कंपाउंडात कडुनिंब असेल तर साडेसात ते नऊ फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका. आठवडाभर एवढं केलं तर अंडी कमी पडतात. कच्चं शेणखत हे हुमणीला आमंत्रण असतं.

वाळवीला मात्र उगाच बदनाम करतात. ती बहुतेक वेळा आधीच मेलेलं जाळं खात असते.

लव्हाळा उपटू नका, असं सांगितलं की लोकांना पटत नाही. खाली त्याच्या गाठी साखळीनं जोडलेल्या असतात. वरचं पान उपटलं की पुढच्या गाठी जाग्या होतात आणि एकाचे चार होतात. थोडकाच असेल तर ओल्या मातीत सात-आठ इंच खोल खुरपं घालून गाठीसकट काढा. पसरला असेल तर उसात लव्हाळ्यासाठी वापरतात ते तणनाशक, हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के. उसातलं प्रमाण एकराला ३६ ग्रॅम, म्हणजे १,००० चौरस फुटांना एक ग्रॅमही नाही. सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर मोजा, अंदाजानं चमचा घालू नका. लव्हाळा तीन ते पाच पानांचा असताना, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव) मिसळून फवारा. असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांनी ‘काही झालं नाही’ म्हणून पुन्हा मारू नका. नुकत्याच लावलेल्या लॉनवर दोन महिने हे वापरायचं नाही. एकदांडी, घोळ, दुधी, गाजरगवत हाताने निघतात. त्यांच्यासाठी टू-फोर-डी हे तणनाशक आणू नका. त्याची वाफ शेजारच्या टोमॅटोवर किंवा गच्चीवरच्या द्राक्षवेलावर गेली की पानं वाकडी होतात आणि भांडण वेगळं.

मृगानंतरचे पंधरा दिवस

दोन चांगले पाऊस होऊन माती वाफशावर आली की सुरुवात. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि अंगठ्यानं टोचल्यावर फुटावा, बोटाला चिकटू नये. काळ्या मातीत वाफशाआधी पाय ठेवला तर वर्षभराची मेहनत त्या एका दिवसात जाते.

वर्षातून फक्त आत्ताच गवत खाली, पाऊण इंचापर्यंत आणायचं. मग दाताळं आधी उभं, मग आडवं ओढत वाळकं जाळं काढा. बोटानं जाळं बाजूला करून माती किती खाली लागते ते बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त गादी असेल तर पाणी आणि खत तिथेच अडकत होतं. १,००० फुटांतून पाच-सहा पोती कचरा निघाला तर घाबरू नका. लॉन उघडंवाघडं दिसेल, जुलैत भरून येतं.

पुढचं काम भोकं पाडायचं. नुसते खिळे किंवा पहार टोचली तर काळ्या मातीत भोकाच्या भिंती दाबल्या जाऊन गुळगुळीत होतात. माती बाहेर निघाली पाहिजे. फॅब्रिकेशनवाल्याकडून पाऊण इंची जीआय पाइपचा तीन फुटी तुकडा घ्या, खालचं तोंड बाहेरून घासून धारदार करा, वर आडवी मूठ, चार इंचांवर पायानं दाबायला पट्टी आणि पट्टीच्या वर बाजूला बोटभर लांब खाच. दाबून फिरवून काढला की मातीची कांडी आत येते, पुढच्या दाबाला ती खाचेतून बाहेर पडते. कांडी हातात घेऊन बघण्यासारखी असते: वर इंचभर मुळांचं जाळं, मग लाल मातीची रेघ, मग काळी किंवा मुरूम. मुळं त्या रेघेशी येऊन आडवी वळलेली दिसली तर एप्रिलचं कोडं तिथेच सुटतं. सहा इंच अंतरानं भोकं धरली तर १,००० चौरस फुटांत ४,००० होतात. ते कुणी करत नाही, करूही नये. सळई हळूहळू घट्ट होत गेलेल्या शे-सव्वाशे फुटांतच करा, ती चारशे-पाचशे होतात. दोन सकाळींचं काम.

नंतर चाळलेलं शेणखत किंवा प्रेसमड आणि तिथलीच चाळलेली माती निम्मी-निम्मी करून पाव इंच थर. १,००० फुटांना २१ घनफूट लागतात, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा, साधारण ४० घमेली. खराट्यानं झाडून भोकांत जाऊ द्या. गवताची टोकं वर दिसली पाहिजेत. गाडलं तर कुजेल.

मेलेले चट्टे भरायला विकतच्या गाद्या अंथरण्यापेक्षा डोबून लावणं चांगलं. नर्सरीच्या तुकड्याखाली चिकट लाल मातीचा थर असतो. तो तसाच काळ्यावर ठेवला की मुळं त्या थरातच राहतात, आणि चट्टा पुन्हा तिथेच पडतो. तुकडा बादलीत बुडवून माती धुऊन काढा, काड्या सुट्या करा. तीन पेरांची काडी, दोन पेरं मातीत आणि एक वर, चार इंच अंतरानं. एका चौरस फुटाच्या तुकड्यात दहा फूट तरी भरतात. नाहीतर आपल्याच लॉनच्या कडेला फरशीवर धावणाऱ्या काड्या कापून वापरा, त्या फुकट आणि या पाण्याला आधीच सरावलेल्या. दहा-बारा दिवस माती ओली राहील एवढं हलकं पाणी, दिवसात दोन-तीनदा. पाऊस असेल तर तेही नको. सहा ते आठ आठवड्यांत जागा भरते. महिन्यानं पहिलं अमोनियम सल्फेट.

पाण्याचा हिशेब

१,००० चौरस फुटांवर एक मिलिमीटर म्हणजे ९३ लिटर. सोलापूरच्या मे महिन्यात हिरवं लॉन रोज चार ते पाच मिलिमीटर पितं, म्हणजे दिवसाला ४०० लिटरच्या आसपास, आठवड्याला २,८०० लिटर. नळाला कधी चार-पाच दिवसांनी पाणी येतं अशा शहरात हे गणित बसत नाही, आणि ते बसवायला टँकर मागवणं हा शौक म्हणावा लागेल. दोन रस्ते आहेत. एक, लॉन तीनशे-चारशे फुटांवर आणा, उरलेल्या जागी शहाबादी आणि झाडं. दुसरा, मार्चअखेरीस लॉनला झोपू द्या: दर पंधरा-वीस दिवसांनी १२ मिलिमीटर, म्हणजे १,१०० लिटर, तेवढ्यावर काड्या जिवंत राहतात. या काळात त्यावर चालायचं नाही, खत द्यायचं नाही, कापायचं नाही. रोज थोडंथोडं शिंपडणं हा तिसरा रस्ता सगळ्यांचा आवडता, आणि सगळ्यांत वाईट. वरचा अर्धा इंच ओला राहतो, मुळं वरच येतात आणि क्षार तिथेच साठतात.

किती पडतं ते मोजायला उभ्या बाजूंचे चार-पाच रिकामे डबे लॉनवर ठेवा, स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीनं मोजा. एका डब्यात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मं भरलं तर चट्ट्यांचा नकाशा आणि डब्यांचा नकाशा शेजारी ठेवून बघा. काळी माती सावकाश पिते, म्हणून दहा मिनिटं चालवून पाऊण तास थांबा, मग पुन्हा. पाणी पहाटे. दुपारच्या वाऱ्यात ते शेजाऱ्याच्या भिंतीला मिळतं. संध्याकाळी दिलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि सप्टेंबरच्या दमट हवेत बुरशीची गोल वर्तुळं उठतात.

आंब्याखाली, जिन्यामागे, उंच भिंतीच्या उत्तरेकडच्या सावलीत लॉन दरवर्षी जात असेल तर तिथे यातलं काहीच करू नका. हरळीला सहा तास तरी थेट ऊन लागतं. तिथे स्पायडर लिली लावा किंवा फरशी टाका.

सप्टेंबर हा सोलापूरच्या पावसाचा मोठा महिना. त्याआधी घराकडून गेटाकडे दहा फुटांना इंचभर उतार आहे का ते पाणी सोडून बघा. कुठे डबकं राहिलं तर वर्षाकाठी दोनदा अर्धा-अर्धा इंच माती टाकून ती जागा उचला, एकदम दोन इंच नाही. नत्राचा शेवटचा हप्ता सप्टेंबरअखेर. नोव्हेंबर ते जानेवारी गवत थबकतं, थोडं तांबूसही होतं. तेव्हा पाणी निम्मं करा आणि पुढचा हप्ता फेब्रुवारीच्या मध्यात, नवे कोंब दिसल्यावर.